प्रोस्टेटचा दाह खरा, जनुकांचा निकाल कच्चा

पन्नाशी-साठी ओलांडलेल्या पुरुषांच्या प्रोस्टेटचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्यांतल्या बहुतेकांत दाह दिसतो. लघवीची तक्रार नसते, ताप आलेला नसतो, दुखत नसते. तरीही ग्रंथीच्या नळ्यांभोवती पांढऱ्या पेशींचे पुंजके जमलेले असतात. कर्करोगही याच ग्रंथीत आणि याच वयात होतो, त्यामुळे दोन्हींचा संबंध असावा अशी शंका येणे स्वाभाविक आहे. गाठींमध्ये पांढऱ्या पेशी सापडतात हे जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्शो यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते. पुढे हेलिकोबॅक्टर जिवाणूमुळे जठराला वर्षानुवर्षे दाह होतो आणि त्यातून काहींना जठराचा कर्करोग होतो, हे पक्के झाले. हिपॅटायटिस बी आणि सी यांच्यामुळे यकृताचे तेच होते. मग प्रोस्टेटचेही तसेच असेल, आणि ज्यांच्या अंगात जन्मतः दाह भडकवणारी किंवा आवरू न शकणारी जनुके आहेत त्यांना धोका अधिक असेल, असा तर्क पुढे आला. या तर्काचे दोन भाग वेगळे करायला हवेत. प्रोस्टेटमधला दाह हा अभ्यासाचा विषय आहे आणि त्यावर आणखी काम व्हायला हवे. मात्र दाहाशी संबंधित एखाद-दुसऱ्या जनुकातला बदल पाहून एखाद्या पुरुषाला ‘तुमचा धोका जास्त’ असे सांगण्याइतका पुरावा आज नाही. लाळेच्या नमुन्यावरून जनुकीय अहवाल घरपोच मिळू लागलेल्या काळात हे स्पष्ट बोलणे गरजेचे आहे.

हा तर्क वाऱ्यावरचा नव्हता. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील अँजेलो डी मार्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रोस्टेटमधल्या एका खास बदलाचे वर्णन केले. दाहाने खंगलेल्या, आकसलेल्या भागातल्या पेशी पुन्हा वेगाने वाढताना त्यांना दिसल्या आणि कर्करोगाकडे जाणारी ही एक पायरी असू शकते असे त्यांनी मांडले. पुढच्याच वर्षी ‘नेचर’मध्ये एक महत्त्वाचा निबंध आला. इंटरल्युकिन-१ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकांत ठरावीक बदल असलेल्या लोकांना जठराच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो, असे त्यात दिसले होते. जिवाणू, दाह आणि जनुक ही साखळी जठरात जुळत होती. प्रोस्टेटवर काम करणाऱ्यांनी तीच साखळी आपल्या अवयवात शोधायला घेतली, यात त्यांचे काहीही चुकले नाही. फरक इतकाच, की जठरात जिवाणू आधी सापडला होता आणि जनुकाचा शोध नंतर सुरू झाला; प्रोस्टेटमध्ये जनुके हाताशी होती आणि जंतूचा पत्ता नव्हता.

आरएनेझ-एल या जनुकाची हकिकत या संदर्भात तपशिलाने सांगण्यासारखी आहे. ज्या कुटुंबांत वडील, भाऊ, काका अशा अनेकांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता, अशा कुटुंबांच्या अभ्यासातून १९९६ मध्ये पहिल्या गुणसूत्राच्या एका पट्ट्याकडे बोट दाखवले गेले. सहा वर्षांनी, २००२ मध्ये, त्या पट्ट्यातले नेमके जनुक सापडल्याचे जाहीर झाले: आरएनेझ-एल. पेशीत विषाणू शिरला की इंटरफेरॉनच्या इशाऱ्यावर हे प्रथिन जागे होते आणि विषाणूचा आरएनए कापून टाकते. विषाणूशी लढणारे जनुक अधू झाले, तर प्रोस्टेटमध्ये संसर्ग रेंगाळेल, दाह चालू राहील आणि पुढे कर्करोग होईल, हे चित्र डोळ्यांसमोर लगेच उभे राहते. त्याच वर्षी या जनुकातल्या एका बऱ्यापैकी सर्रास आढळणाऱ्या बदलाविषयी दुसरा निबंध आला. त्या बदलामुळे प्रथिनाची ताकद सुमारे एक तृतीयांश राहते आणि प्रोस्टेट कर्करोगाच्या १३ टक्क्यांपर्यंत रुग्णांमध्ये त्याचा वाटा असू शकतो, असा त्याचा दावा होता. मात्र स्वीडन आणि जर्मनीतल्या गटांनी आपापल्या रुग्णांत तो संबंध तपासला, तेव्हा तो नीट उभा राहिला नाही. एका देशात दिसणारा आणि दुसऱ्या देशात नाहीसा होणारा संबंध पाहून तेव्हाच थबकायला हवे होते.

थबकण्याऐवजी शोध विषाणूकडे वळला, आणि २००६ मध्ये विषाणू ‘सापडला’. क्लीव्हलँड आणि सॅन फ्रान्सिस्को येथील शास्त्रज्ञांनी प्रोस्टेटच्या गाठींत उंदरांच्या विषाणूंशी नाते सांगणारा एक नवा रेट्रोव्हायरस असल्याचे प्रसिद्ध केले. त्याला एक्सएमआरव्ही असे नाव मिळाले. आरएनेझ-एलच्या दोन्ही प्रती अधू असलेल्या २० रुग्णांपैकी आठ जणांत तो होता, उरलेल्या ६६ जणांत फक्त एकात. अधू जनुक, रेंगाळणारा विषाणू, दाह आणि कर्करोग असे सगळे दुवे एकाच निबंधात जुळून आले होते. पुढे हाच विषाणू दीर्घ थकव्याच्या आजारातही सापडल्याचा दावा झाला आणि रक्तपेढ्यांपर्यंत काळजी पोहोचली. शेवटी २०११ मध्ये त्याचे मूळ कळले. मानवी प्रोस्टेटची एक गाठ अभ्यासासाठी उंदरांच्या अंगात वाढवली जात होती. १९९० च्या दशकात त्या उंदरांतल्या दोन विषाणूंचे तुकडे एकमेकांत मिसळले आणि एक्सएमआरव्ही तयार झाला. त्या गाठीपासून बनवलेल्या पेशी प्रयोगशाळांत फिरत राहिल्या आणि त्यांच्यासोबत हा विषाणू रुग्णांच्या नमुन्यांत मिसळला. जुने नमुने पुन्हा तपासल्यावर मूळ गटातल्या शास्त्रज्ञांनीच २०१२ मध्ये मान्य केले, की रुग्णांमध्ये हा संसर्ग नव्हता. २००६ चा निबंध मागे घेण्यात आला.

या प्रकरणातून विज्ञान खोटे ठरते असे मला मुळीच वाटत नाही. स्वतःचा गाजलेला शोध स्वतःच तपासून मोडीत काढणे ही मोठी गोष्ट आहे. पण एखादे स्पष्टीकरण जीवशास्त्राच्या दृष्टीने कितीही पटणारे असले, तरी पटणे हा पुरावा होत नाही, हे यातून पुरेसे दिसते. याच काळात एमएसआर-१ आणि टीएलआर-४ ही नावेही गाजली. पहिले जनुक भक्षक पेशींच्या पृष्ठभागावरचा ग्राही (रिसेप्टर) बनवते, तर दुसरे जिवाणूंच्या आवरणातला अंश ओळखून दाहाची घंटा वाजवते. एमएसआर-१ विषयीचा मूळ दावा २००२ चा. टीएलआर-४ मधल्या एका बदलाचा संबंध २००४ मध्ये स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात दिसला. नंतर अमेरिकेतल्या आरोग्य व्यावसायिकांच्या अभ्यासात तो तसा दिसला नाही. दाहाशी संबंधित जनुके शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येकात अनेक बदल. शंभर निरुपद्रवी बदल तपासले आणि योगायोगाची शक्यता वीसांत एक ही नेहमीची पातळी लावली, तर पाच बदल निव्वळ योगायोगाने ‘दोषी’ ठरतात. त्या पाचांवर निबंध प्रसिद्ध होतात. उरलेल्या पंच्याण्णवांची गोष्ट कुणी छापत नाही. पहिल्याच अभ्यासात दिसलेला परिणाम बहुधा फुगलेला असतो, कारण फुगलेला होता म्हणूनच तो नजरेत भरलेला असतो.

यावरचा उपाय म्हणजे आधी संशयित न ठरवता सगळा जनुकसंच चाळणे, आणि तो उपाय करून झाला आहे. आठव्या गुणसूत्रावरचा एक पट्टा आइसलँड आणि अमेरिकेतल्या अभ्यासांतून २००६ मध्ये पुढे आला. गंमत म्हणजे तिथे जवळपास कोणतेही जनुक नाही. पेशींची वाढ चालवणारे ‘मिक’ हे जनुक मात्र बरेच पलीकडे आहे. दाहाच्या तर्कावरून निघालेल्या कुणालाही तिथे बघावेसे वाटले नसते, आणि तरीही प्रोस्टेट कर्करोगाच्या आनुवंशिकतेतला तो सर्वांत भक्कम पट्टा ठरला. अशा चाळणीत संबंध मानण्यासाठी योगायोगाची शक्यता दोन कोटींत एकाहून कमी असावी लागते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वांत मोठ्या विश्लेषणात सुमारे १ लाख ५६ हजार रुग्ण आणि ७ लाख ८८ हजार निरोगी पुरुष होते. त्यातून धोक्याशी जोडलेले ४५१ बदल मिळाले. पुरुषी संप्रेरके, पेशीवाढ, डीएनएची दुरुस्ती अशा कामांशी नाते असलेले अनेक बदल त्यांत आहेत. प्रतिकारशक्तीच्या एचएलए पट्ट्याजवळचेही काही आहेत, म्हणून दाहाचा वाटा शून्य आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्या नावांवर वीस वर्षांपूर्वी पैज लावली होती, ती या चाळणीतून ठसठशीतपणे वर आलेली नाहीत. इतक्या लोकांत त्यांचा मोठा परिणाम असता, तर तो लपून राहिला नसता.

यावर पहिला आक्षेप येतो तो पॅथॉलॉजीकडून, आणि तो गंभीर आहे. जनुके राहू द्या, प्रत्यक्ष ग्रंथीत दाह असलेल्यांना कर्करोग जास्त होतो ना? अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रतिबंधक चाचणीत अखेरीस पुरुषांची बायोप्सी झाली, पीएसए (रक्तात मोजले जाणारे प्रोस्टेटचे प्रथिन) वाढलेले असो वा नसो. त्यातल्या औषध न दिलेल्या गटाचा अभ्यास २०१४ मध्ये आला. कर्करोग निघालेल्यांपैकी ८६ टक्के पुरुषांच्या एका तरी तुकड्यात दाह होता, कर्करोग न निघालेल्यांपैकी ७८ टक्क्यांच्या. दाह असलेल्यांत कर्करोगाचे प्रमाण पावणेदोन पटीने अधिक, आणि आक्रमक कर्करोगाचे सव्वादोन पटीने. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या चाचणीतून उलट निकाल आला. तिथे पीएसए वाढलेले पण पहिल्या बायोप्सीत कर्करोग न सापडलेले पुरुष होते. ज्यांच्या पहिल्या तुकड्यांत दाह होता, त्यांना पुढच्या चार वर्षांत कर्करोग कमी निघाला. विरोध दिसतो खरा, पण उलगडतो. दाहामुळेही पीएसए वाढते. दुसऱ्या चाचणीतल्या पुरुषांचे पीएसए वाढलेलेच होते. ज्यांच्यात त्याला दाह हे कारण होते त्यांच्यात ते कर्करोगामुळे वाढलेले असण्याची शक्यता कमी, आणि ज्यांच्यात दाह नव्हता त्यांच्यात लपलेली गाठ असण्याची शक्यता अधिक. म्हणून पीएसए न बघता सगळ्यांची बायोप्सी करणारा पहिला अभ्यास मला अधिक विश्वासार्ह वाटतो. मात्र हीच गुंतागुंत जनुकांच्या जुन्या अभ्यासांनाही लागू होते. दाह वाढवणाऱ्या जनुकामुळे पीएसए वाढले, पीएसएमुळे बायोप्सी झाली आणि बायोप्सीमुळे एरवी कधीच त्रास न देणारा कर्करोग सापडला, तर त्या जनुकाने रोग दिला की फक्त निदान घडवले? अनेक अभ्यासांना हे वेगळे करता आलेले नाही.

दुसरा आक्षेप आनुवंशिकतेचा. हा कर्करोग घराण्यात चालतो हे सर्वांना ठाऊक आहे, आणि ते खरे आहे. नॉर्डिक देशांतल्या जुळ्यांच्या २०१६ मधल्या अभ्यासाने धोक्यातल्या फरकाचा ५७ टक्के वाटा आनुवंशिक असल्याचा अंदाज दिला. मोठ्या कर्करोगांत हे प्रमाण बरेच वरचे आहे. पण आनुवंशिक वाटा मोठा असल्याने दाहाच्या जनुकांचा वाटा मोठा ठरत नाही; तो वाटा इतर शेकडो ठिकाणी विखुरलेला आहे. शिवाय ५७ टक्के हा एका समाजातल्या, साधारण सारखे जीवन जगणाऱ्या लोकांतल्या फरकाचा हिशेब आहे. जपानमधून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत या कर्करोगाचे प्रमाण जपानपेक्षा बरेच वाढले. ब्रिटन-अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय पुरुषांतही ते भारतातल्यापेक्षा अधिक नोंदले जाते. त्यात तपासण्या वाढल्याचा हिस्सा मोठा असणार, जगण्या-खाण्याचाही असेल. जनुके मात्र तीच आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: कळले तर बिघडले काय? धोका थोडा का असेना, माणूस सावध होईल, दाह कमी करणारे काही घेईल. इथे आधी आकड्यांचा अर्थ बघू. समजा, एका वयोगटातल्या हजार पुरुषांपैकी दहा जणांना पुढच्या काही वर्षांत हा कर्करोग होणार आहे. अहवालात ‘२० टक्के अधिक धोका’ लिहिलेल्या पुरुषाच्या गटात तो बारा जणांना होईल, आणि ९८८ जणांना होणार नाही. अहवालात ठळक अक्षरात येतो तो वीसचा आकडा. त्यावरून सुरू झालेले पीएसएचे फेरे, बायोप्सी आणि कधी कधी अनावश्यक शस्त्रक्रिया यांतून लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाऊ शकते. ही किंमत खरीखुरी माणसे मोजतात. आणि ‘काही तरी घेण्या’चे म्हणाल, तर ते करून पाहिलेले आहे. ‘सिलेक्ट’ नावाच्या चाचणीत ३५ हजारांहून अधिक पुरुषांना ई जीवनसत्त्व, सेलेनियम, दोन्ही किंवा नुसती साधी गोळी देण्यात आली. पेशींची झीज थांबवणारे, निरुपद्रवी म्हणून घरोघरी घेतले जाणारे जीवनसत्त्व ते. २०११ मधला निकाल असा, की ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला. निरोगी वृद्धांना रोज थोडे अ‍ॅस्पिरिन देणाऱ्या ‘अ‍ॅस्प्री’ चाचणीत, २०१८ मध्ये, कर्करोगाने होणारे मृत्यू कमी व्हायचे सोडून अधिक नोंदले गेले. ‘दाहशामक’ म्हणून विकली जाणारी पावडर वा गोळी जनुकीय अहवालाच्या आधाराने कुणाच्या हाती देणे हे म्हणूनच निरुपद्रवी नाही.

आपल्यासाठी या सगळ्याला आणखी एक बाजू आहे. २०२३ च्या त्या विश्लेषणातल्या १ लाख ५६ हजार रुग्णांपैकी १ लाख २२ हजार युरोपीय वंशाचे होते. आशियाई वंशाचे साधारण ११ हजार, आणि त्यातही मुख्यतः पूर्व आशियातले. भारतीय पुरुष या चित्रात जवळजवळ नाहीतच. अनेक जनुकीय बदलांची बेरीज करून काढलेला, युरोपीयांवरून बेतलेला धोक्याचा गुणांक इतर वंशांच्या लोकांत कमी अचूक ठरतो हे वारंवार दिसले आहे. हॉक्सबी-१३ या जनुकातला, घराण्यात चालणाऱ्या प्रोस्टेट कर्करोगाशी जोडलेला, २०१२ मध्ये सापडलेला बदल प्रामुख्याने उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो. चीनमध्ये त्याच जनुकातला वेगळा बदल मिळाला. मग सोलापूरच्या किंवा मडगावच्या पुरुषाला परदेशी यादीवरून दिलेला ‘कमी धोका’ हा निर्वाळाही तितकाच पोकळ आहे. भारतात २०२२ मध्ये या कर्करोगाचे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे, आणि वृद्धांची संख्या वाढेल तसा हा आकडा वाढणारच. मुंबईची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६० च्या दशकापासून चालू आहे. बार्शीची नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली, आणि ती देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. जिनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले आहेत. नोंदणीतला रोग आणि जनुकसंचातला बदल एकमेकांना जोडणारे, आजार होण्याआधीच रक्त साठवून ठेवणारे आणि बायोप्सीच्या अहवालात दाहाची प्रत ठरावीक पद्धतीने नोंदवणारे दीर्घकालीन अभ्यास मात्र इथे हवेत. सार्वजनिक पैसा तिकडे जावा, आणि ग्राहकाला थेट विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जनुकीय अहवालावर हजारांत किती हा आकडा आणि तो कोणत्या वंशाच्या लोकांवरून काढला हे छापण्याची सक्ती व्हावी.

जनुकीय तपासणीलाच माझा विरोध आहे, असा समज कुणी करून घेऊ नये. जिथे तिचा उपयोग सिद्ध झाला आहे, तिथे ती आपल्याकडे फारशी होत नाही, हे माझे खरे दुःख आहे. शरीरात पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या ६९२ रुग्णांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास १२ टक्क्यांत डीएनए दुरुस्तीच्या जनुकांतले जन्मजात दोष सापडले, त्यांत सर्वाधिक बीआरसीए-२ चे. या दोषाचा धोका वीस टक्क्यांचा नाही, काही पटींचा आहे. रोग लवकर येतो आणि आक्रमक असतो. २०२० पासून अशा रुग्णांसाठी ओलापॅरिबसारखे औषध मान्य झाले आहे, म्हणजे तपासणीवरून उपचार ठरतो. हाडांत पसरलेला रोग घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ही चाचणी, समुपदेशनासह, सरकारी योजनेतून मिळायला हवी. बीआरसीए-२ चा दोष वडिलांकडून मुलीकडेही जातो आणि तिला स्तन व बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका देतो. म्हणून वडिलांचा अहवाल हाती आला, की तो त्यांच्या मुलींपर्यंत, बहिणींपर्यंत आणि भावांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी रुग्णालयाने घ्यायला हवी.